भुसा ताजा आहे का?

सप्टेंबर २०२२. एलिझाबेथ राणीची शवपेटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती. थेम्सच्या काठानं मैलोन् मैल रांग लागलेली. अडीच लाखांच्या आसपास माणसं त्या पेटीसमोरून पुढं सरकली आणि आपल्याकडच्या वाहिन्यांवरही तेच दृश्य दिवसभर चालू होतं. चार कोपऱ्यांवर माना खाली घालून उभे असलेले पहारेकरी आणि मधे पेटी. मी मात्र कॅमेरा वर कधी जातो याची वाट बघत होते. त्या पहारेकऱ्यांच्या डोक्यावर ओकच्या लाकडाचं जे छत आहे, त्यात एके काळी एका किड्यानं असं बिऱ्हाड केलं होतं की छत कोसळायची वेळ आली होती. आणि त्या किड्याचं इंग्रजी नाव आहे डेथवॉच बीटल. मरणाचा पहारा करणारा भुंगेरा.

नावामागची गोष्ट साधी आहे. घरात कुणी शेवटच्या घटका मोजतंय, उशाशी जागणारी माणसं गप्प आहेत, आणि मध्यरात्री डोक्यावरच्या तुळईतून टकटक ऐकू येते. लोकांना वाटायचं, मरणच दार ठोठावतंय. प्रत्यक्षात तो नर असतो. लाकडावर डोकं आपटून तो मादीला हाक मारतो, मादी जिथं असेल तिथून तशीच टकटक करून उत्तर देते आणि नर आवाजाच्या रोखानं चालत निघतो. इकडे माणसं रामनाम घेतायत, तिकडे वर लग्न जुळतंय.

या टकटकीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. लाकूड पोखरणारा किडा आपण होऊन ‘मी इथं आहे’ असं सांगतोय, असे प्रसंग फार थोडे. बाकी त्याचं सगळं आयुष्य आत जातं. मादी भेगेत अंडी घालते, अळी आत शिरते आणि पुढं वर्षानुवर्षं लाकूड खात राहते. डेथवॉचची अळी दहा-दहा वर्षंही आत राहू शकते. शेवटी ती कोषात जाते, भुंगेरा होतो, तीन मिलीमीटरचं गोल भोक पाडून बाहेर येतो आणि काही आठवड्यांत मरतो. म्हणजे आपल्याला जे भोक दिसतं ती किड्याची बाहेर पडायची वाट. तो आत शिरला तेव्हाची खूण आपल्याला दिसतच नाही. भोक दिसलं तेव्हा ते पाडणारा केव्हाच निघून गेलेला असतो. आत त्याची भावंडं आहेत की नाहीत, हे भोक सांगत नाही.

सगळा घोळ इथंच आहे. भोकं बघून घाबरणारी आणि भोकं बघून फवारणीवाल्याला फोन लावणारी माणसं खूप. भोकं बघून आधी ‘हे जुनं की नवं?’ असं विचारणारी फार थोडी. हा लेख त्या थोड्यांविषयी आहे.

वेस्टमिन्स्टर हॉल बांधला गेला १०९७ मध्ये. आज दिसतं ते छत नंतरचं. दुसऱ्या रिचर्डनं १३९३ मध्ये ते घालायला घेतलं आणि ह्यू हर्लंड हा त्याचा मुख्य सुतार. सुमारे ७३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद दालन, आणि मधे एकही खांब नाही. शेकडो टन ओक नुसता एकमेकांच्या खांद्यावर तोलून धरलेला. आपल्या वाड्यांमध्ये दर पाच-सहा हातांवर खांब लागतो, हे आठवलं म्हणजे हर्लंडनं काय केलं होतं ते कळतं.

पाचशे वर्षांनी, १९१३ च्या सुमारास, फ्रँक बेन्स नावाच्या सरकारी वास्तुरचनाकारानं वर चढून त्या तुळया तपासल्या. खालून दिमाखदार दिसणारं लाकूड आतून पोकळ झालेलं होतं. सांधे निकामी झाले होते. १९१४ मध्ये त्यानं अहवाल दिला आणि मग जवळजवळ दहा वर्षं काम चाललं. लाकडाच्या आड लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा बसवला गेला, तोही असा की खालून दिसू नये. म्हणजे आज ते छत हर्लंडचं आणि तोलून धरलंय बेन्सच्या पोलादानं.

पोलादानं तुळया सावरल्या, पण किड्याचं काय? त्यासाठी इम्पीरियल कॉलेजातला एक प्राध्यापक बोलावला गेला, आणि इथं या गोष्टीत आपला देश येतो. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा १९०३ पासून भारत सरकारचा कीटकशास्त्रज्ञ होता. बिहारमधल्या पुसा इथं शेतीसंशोधनाची जी मोठी संस्था उभी राहिली, तिथं त्यानं काम केलं. भारतातल्या पिकांवरच्या किडींविषयीचं त्याचं पुस्तक १९०६ मध्ये आलं आणि ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा जाडजूड ग्रंथ १९०९ मध्ये. कापूस, ऊस, भात यांच्यावरच्या अळ्या बघून तयार झालेली नजर मग लंडनच्या राजवाड्याच्या छतावर वळली.

लेफ्रॉयनं डेथवॉचसाठी एक द्रव तयार केला. तो चालतोय असं दिसल्यावर लोक बाटल्या मागू लागले, आणि १९२५ मध्ये धंदा रीतसर सुरू झाला. ग्रीक भाषेत कीटकाला जो शब्द आहे त्याला इंग्रजी ‘किल’ जोडून लेफ्रॉयला ‘एन्टोकिल’ असं नाव हवं होतं, पण तशा नावाची नोंद आधीच असल्यानं पुढं ‘आर’ चिकटवला. तेच रेंटोकिल. आपल्या कार्यालयांच्या कोपऱ्यात झुरळांसाठी येणाऱ्या माणसाच्या शर्टावर हे नाव आज दिसतं, ते मूळचं या छतातून आलंय. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, प्रयोगशाळेत किडे मारायच्या वायूवर काम करताना लेफ्रॉय स्वतःच गुदमरला आणि काही दिवसांत गेला.

मला हा माणूस आवडतो, पण त्याच्यामागून जी पन्नास वर्षं आली ती नाही आवडत. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि लिंडेन हाताशी आलं आणि बघणं संपलं. चर्चच्या माळ्यावर विषारी धुराच्या नळकांड्या पेटवायच्या, मूर्तींना द्रव पाजायचा आणि मोकळं व्हायचं. पूर्व जर्मनीत चर्चमधल्या लाकडी शिल्पांना डीडीटी मिसळलेलं ‘हायलोटॉक्स’ नावाचं औषध सर्रास लावलं गेलं. आज त्या संतांच्या चेहऱ्यांवर, हातांवर पांढरे स्फटिक उगवतात. लाकडात मुरलेलं डीडीटी पृष्ठभागावर येतं. किडे मेलेत, विष जिवंत आहे, आणि संवर्धकांना मास्क लावून संतांना पुसावं लागतं.

इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात डेथवॉचचा नव्यानं अभ्यास झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वरून फवारलेलं औषध लाकडाच्या आत फारसं जातच नाही. अळी आत सुखात राहते. मरतात ते पृष्ठभागावर फिरणारे, म्हणजे कोळी आणि डेथवॉचच्या अळ्या खाणारा एक निळसर भुंगेरा. घराची राखण करणारेच आपण मारत होतो. शिवाय डेथवॉचला कोरडं, धडधाकट ओक पचत नाही. पाणी मुरून बुरशीनं मऊ केलेलं लाकूड त्याला लागतं. म्हणजे छपराची गळती काढली की किड्याचा शिधा तुटतो. एवढी साधी गोष्ट कळायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

मग आता करतात काय? बघतात, मोजतात आणि लिहून ठेवतात.

ऐकायला हे काम फारच बिनचेहऱ्याचं वाटतं. माझ्या ओळखीच्या एक संवर्धनतज्ज्ञ बाई आहेत. त्यांनी मला आधी दाखवली ती शंभर पानी वही. यंत्र नंतर. कुठल्या दालनात, कुठल्या कपाटाखाली, कुठल्या तारखेला काय सापडलं, एवढंच तिच्यात. ‘काही नाही’ अशा नोंदी तर पानंच्या पानं. “ही ‘काही नाही’ची पानं सर्वांत मोलाची,” त्या म्हणाल्या. “ती नसती तर एक दिवस एक किडा सापडल्यावर तो पहिला आहे की विसावा, हे कसं कळलं असतं?”

सुरुवात भोकापासून. भोकाचा आकार म्हणजे किड्याची सही. एक-दोन मिलीमीटरचं गोल भोक असेल तर युरोपात ते बहुतेक फर्निचर बीटलचं. तीन मिलीमीटरचं डेथवॉचचं. सहा ते दहा मिलीमीटरचं लांबट अंडाकृती असेल तर लांब शिंगांचा भुंगेरा. मग भुसा. तो बोटांच्या चिमटीत घेऊन चोळायचा. रव्यासारखा खरखरीत लागला तर फर्निचर बीटल, दाबलेल्या छोट्या चकत्या दिसल्या तर डेथवॉच, आणि टाल्कम पावडरीसारखा मऊसूत लागला तर लिक्टस, ज्याला इंग्रजीत पावडर-पोस्ट म्हणतात. आपल्या देशात या पिठासारख्या भुशाशी गाठ जास्त पडते. बांबूच्या टोपलीखाली, पाटाखाली, नव्या फळीखाली सकाळी जी पांढरट रांगोळी पडलेली असते, तीच ती. ‘लाकडाला घूण लागला’ म्हणतो तो हा परिवार.

आकार कळला, किडा कळला. आता मुख्य प्रश्न: तो आहे की गेला? ताज्या भोकाची कड धारदार असते आणि आतलं लाकूड उजळ, जुनं भोक मळलेलं, कडा बोथट. पण नुसत्या भुशावर विश्वास टाकून चालत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला, कुणी दार आपटलं, तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या बोगद्यांतला भुसा आज खाली पडतो. म्हणून सगळ्यांत स्वस्त उपाय केला जातो. भोकांवर पातळ टिश्यू कागद चिकटवायचा, त्यावर तारीख घालायची आणि हंगाम उलटला की बघायचं. आतून भुंगेरा आला तर कागदाला भोक पडतं. कागद शाबूत असेल तर, निदान त्या हंगामात, तिथून कुणी बाहेर पडलेलं नाही. एक हंगाम पुरत नाही, अळीचं आयुष्य लांब असतं. कागद बदलत राहायचा.

सापळ्यांची कथा आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. शेतात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात: मादीचा वास, नर आत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हा हिशोब विदर्भात पाठ असतो. फर्निचर बीटलच्या मादीचा वासही रसायनशास्त्रज्ञांनी ओळखून तयार केलाय आणि त्याचे कामगंध सापळे युरोपातल्या संग्रहालयांत लावतात. फरक एवढाच की शेतात आठ पतंगांपर्यंत थांबता येतं. सतराव्या शतकातल्या मूर्तीपाशी एक भुंगेरा सापडला तरी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसावं लागतं. साधे चिकट सापळे भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, दारांच्या आत, खिडक्यांपाशी ठेवतात. बाहेर पडलेले भुंगेरे उजेडाकडे जातात, म्हणून खिडकीची कठडी झाडण्याआधी बघायची. झाडणाऱ्या मावशींना हे सांगितलं तर त्या कुठल्याही यंत्राहून चांगलं काम करतात. पण त्यांना कुणी सांगत नाही.

जपानमध्ये निक्को इथल्या रिन्नो-जी मंदिराच्या दुरुस्तीत भुंगेऱ्यांनी तुळया आतून खाल्ल्याचं उघड झालं, तेव्हा तिथल्या संशोधकांनी आसपासच्या देवळांतही काय वापरलं? माश्या पकडायच्या चिकट फिती. किराणा दुकानात मिळतात त्याच. त्या टांगायच्या, ठरावीक दिवसांनी उतरवायच्या, चिकटलेला एकेक किडा भिंगाखाली ओळखायचा. हाताशी क्ष-किरण आणि सीटी स्कॅन होतं, तेही वापरलं, पण कुठल्या देवळाकडे आधी वळायचं हे फितींनी सांगितलं.

जर्मनीतल्या काही चर्चमध्ये तर किड्यावर किडा सोडतात. स्पॅथियस नावाची चिमुकली गांधीलमाशी लाकडाच्या पृष्ठभागावर फिरते, आत हलणारी अळी ओळखते, सुईसारखी नळी लाकडातून आत घालून अळीवर अंडं घालते. तिचं पिल्लू अळी खाऊन बाहेर पडतं ते अर्ध्या मिलीमीटरच्या भोकातून. फर्निचर बीटलच्या भोकाहून ते स्पष्ट लहान. म्हणजे मारणं आणि मोजणं एकदमच होतं. अशी जितकी बारीक भोकं, तितक्या अळ्या गेल्या.

आता घरी येऊ.

आपल्याकडे हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं: “आमचं सागवान आहे हो, त्याला काय होतंय?” खरं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं टिकल्यात. सागाच्या गाभ्यात किड्यांना न मानवणारी द्रव्यं असतात. पण ‘गाभ्यात’ हा शब्द विसरून चालत नाही. सालीच्या आतला पांढरट थर सागाचा असला तरी किड्याला चालतो. जुने सुतार तो तासून टाकायचे. आज लाकडाचा भाव बघता तो तासायची छाती कुणाची होते? शिवाय आपल्या संग्रहालयांत नुसतं सागवान नसतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. तिथं नक्षीच्या दारांपासून स्वयंपाकघरातल्या बारक्या लाकडी वस्तूंपर्यंत किती तऱ्हेची लाकडं असतील! सावंतवाडीची जुनी खेळणी पांगाऱ्याची. बोहाडा या आदिवासी सोहळ्यातले मुखवटेही हलक्या, मऊ लाकडाचे. त्यांचा कारागीर कोरायला सोपं लाकूड निवडतो, आणि जे माणसाच्या पटाशीला सोपं ते किड्याच्या दातालाही.

असे मुखवटे गावात घराच्या माळ्यावर राहायचे, खाली चूल पेटलेली. रोजचा धूर आणि ऊब. ते संग्रहालयात आले, धूर गेला, बंद काचेचं कपाट आलं आणि पावसाळा तोच राहिला. हवेत ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली तर लाकडात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी येतं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हेच. त्या चार महिन्यांत आर्द्रतामापक नसलेल्या कोठीत नुसत्या डांबरगोळ्या ठेवणं म्हणजे ताप न बघता गोळी देणं.

लिक्टसची एक गंमत आहे. मादी अंडी घालण्यापूर्वी लाकूड चक्क चाखून बघते. पिठूळपणा, म्हणजे स्टार्च, पुरेसा असेल तरच अंडी घालते. लाकूड जुनं होत जातं तसा स्टार्च कमी होतो. म्हणजे दोनशे वर्षांच्या खांबात लिक्टसला फारसा रस नसतो. त्याला हवी असते नवी फळी. म्हणून संग्रहालयात हा चोर बहुतेकदा प्राचीन मूर्तीच्या अंगातून येत नाही. मूर्तीखाली परवा केलेला लाकडी ठोकळा, नवी चौकट, प्रदर्शनाहून आलेलं खोकं ही त्याची वाट. परदेशी पाठवायच्या लाकडी खोक्यांना गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवून शिक्का मारायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे तो याचसाठी. गावातल्या गावात हलणाऱ्या खोक्यांना कसलाच शिक्का नसतो.

बांबू अमावास्येच्या सुमारास तोडावा आणि पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे भुंगा लागत नाही, असं कोकणात सांगतात. चंद्राचं मी सांगत नाही. पाण्याचं मात्र शंभर टक्के खरं: बुडवलेल्या बांबूतला स्टार्च धुऊन जातो.

आणि ‘भुंगा’ या शब्दानं आपली मोठी फसगत केली आहे. ज्ञानेश्वरीत कळीत अडकून पडणारा, कोरडं लाकूड मात्र सहज पोखरणारा जो भ्रमर येतो, तो काळा, गुणगुणणारा, वाशांना करंगळी जाईल एवढं भोक पाडणारा. ती माशी आहे, मधमाशीची चुलत बहीण. ती लाकूड खात नाही, फक्त घर करते. तिच्या नावानं ओरड करून घूण मारायचं औषध फवारणारे मी पाहिलेत. जमिनीतून येणारी वाळवी तर तिसरीच: ती भुसा मागे सोडत नाही, मातीच्या नळ्या करते. तिघांचे उपाय तीन. नाव चुकलं की पैसे गेलेच. ‘घुणाक्षरन्याय’ म्हणताना आपण किड्यानं कोरलेल्या रेघांत योगायोगानं अक्षर उमटलं असं मानतो. इथं योगायोग काहीच नसतो. वाचणारा हवा.

आमच्या गावच्या घराचा कडीपाट बघायला बोलावलेले सुतारकाका वाचणारे होते. मी घाबरून भोकं दाखवत होते. ते भोकांकडे न बघता खाली बघत होते. मग म्हणाले, “बाय, भुसा ताजो आसा काय, ता आधी सांग.” मला सांगता येईना, कारण आम्ही रोज केर काढत होतो. त्यांनी ओटीवर वर्तमानपत्र पसरायला सांगितलं आणि चहा पिऊन निघून गेले. पंधरा दिवसांनी कागदावर काही नव्हतं. त्याआधीच्या वर्षी एका फवारणीवाल्यानं त्याच कडीपाटासाठी आमच्याकडून बऱ्यापैकी पैसे घेतले होते.

किडा जिवंत असल्याचं ठरलं तर उपाय आहेत, आणि बिनविषाचे आहेत. छोटी वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे ३० अंशांवर तीनेक दिवस, किंवा उणे १८ वर दोन आठवडे. मोठी किंवा रंगवलेली वस्तू नायट्रोजनच्या तंबूत, प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली आणून काही आठवडे. आर्द्रता सांभाळून ५५ अंशांपर्यंत गरम करायचीही पद्धत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. ज्ञान देशात आहे. पण यातला एकही उपाय उद्याच्या किड्याला अडवत नाही. नायट्रोजनमधून बाहेर काढलेली मूर्ती पुन्हा त्याच कोठीत, त्याच नव्या ठोकळ्यावर ठेवली तर वर्षभरात पहिले पाढे पंचावन्न. तिथं वहीच लागते.

आपल्याकडे निविदा फवारणीची निघते, बघण्याची निघत नाही. ‘वर्षातून चार वेळा फवारणी’ हे बिलात लिहिता येतं. ‘वर्षातून बावन्न वेळा खिडकीची कठडी पाहिली, काही नाही’ याचं बिल कसं लावणार? आणि देवळांतून, वाड्यांतून याहून वाईट घडतं: जीर्णोद्धार म्हणून लाकडावर ऑइलपेंटचा जाड थर. भोकं बुजतात, भुसा अडतो, रंग चकचकीत, आणि आत काय चाललंय ते तुळई वाकेपर्यंत कळत नाही. जुनी भोकं मेणानं बुजवून, तारीख टाकून ठेवली तर नवं भोक लगेच ओळखू येतं. तो बुजवण्याचा शहाणा प्रकार. रंग हा आंधळा प्रकार.

हा अंक हातात येईपर्यंत तुमची दिवाळीची झाडलोट झालेली असेल. बरंच आहे. आता देव्हाऱ्याखाली, जुन्या पेटीखाली, झोपाळ्याच्या कड्यांखाली एक काळा कागद ठेवा. त्यावर तारीख लिहा. घरातल्यांना सांगा, हा उचलायचा नाही. देवदिवाळीला बघा, मग अक्षय्य तृतीयेला पुन्हा बघा. तोवर सिरिंजनं रॉकेल सोडायचं नाही आणि रंगाचा डबा उघडायचा नाही.